टेस्टरचा तांबडा दिवा

बाबा, बाळापुरात तुमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्या गाळ्यात आता फ्रिक्वेन्सी थेरपीवाला बसतो. आईनंच त्याला गाळा भाड्याने दिला. तुमच्या टेबलावर त्याचं मशीन आहे, आणि परवा त्याच टेबलापाशी आई दोन्ही मुठींत पितळी दांड्या धरून बसलेली मी पाहिली. चेहरा पांढराफटक, साडीखाली टॉवेलची घडी. तिच्या गर्भाशयात गाठ आहे. कॅन्सरची नाही, साधी. पण रक्त जायचं थांबत नाही, आणि नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन लांबवू नका म्हणून बजावलंय. थेरपीवाला मलाच समजावत होता, "ताई, साधी गाठ हाय ना? मंग कापता काहून? ट्यून करू, विरघळती." ‘ट्यून’ हा रेडिओ लावतानाचा तुमचा शब्द आता त्याच्या तोंडी होता.

मी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते, मीटर बॅगेतच असतो. तो चहाला गेल्यावर मी मीटर दांड्यांना लावला. मशीनवर मुतखडा निवडा, गुडघेदुखी निवडा, गाठ निवडा. मीटरवरचा आकडा हलत नाही. पडद्यावरचे रंग तेवढे बदलतात. आईला दाखवलं, तर म्हणाली, "तुझ्या मीटरला काय कळतंय? तुझे बाबाच म्हनायचे, मान्सात करंट असतो. दिवा लावून दाखवलाय त्यांनी मला."

तो दिवा मलाही आठवतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही टेस्टरचं टोक बोर्डात घालता, आईचं बोट मागच्या टोपीवर टेकवता, आतला दिवा तांबडा होतो. "बघ, तुझ्यात किती करंट हाय! घरची लाइट तुझ्यावरच चालवतो." आई लाजते, मी खिदळते. करंट बोर्डातला होता, हे तिला कुणी सांगितलंच नाही. त्या थट्टेवर हा माणूस पोट भरतोय. किळस येते, आणि तिचे शिंतोडे तुमच्यावरही उडतात.

मी मीटर बॅगेत टाकला. "आई, बाबांनी जायच्या आधी मला सांगितलं होतं. दिव्याची गंमत होती, तिला कधीतरी सांग, म्हणाले."

तिनं दांड्या हळूच टेबलावर ठेवल्या. "असं म्हनले व्हय?" मग पदर सावरत उठली. "चल मंग."

सोमवारी ऑपरेशन आहे. बाबा, तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. मोजून दाखवलं ते तिला पटलं नाही, तुमच्या नावावर खपवलं ते पटलं. थेरपीवाल्याचीच पद्धत, त्याच टेबलावर. ती बरी झाली की तिला खरं सांगेन, असं लिहिणार होते. सांगणार नाही.