बाबा, उभे राहा ना!

मेम्फिस, रविवार

मिसेस प्रुइट यांस,

माझ्या लमॉन्टनं तुमची माफी मागावी, असा निरोप मिळाला. मागणार नाही.

महापालिकेच्या योजनेतून तुम्ही त्याला मिस्टर टोलिव्हरांच्या हाताखाली दिलंत, पोरगं वेल्डिंग शिकलं, ते उपकार मान्य आहेत. पण देणगीदारांपुढे वाचायचं भाषण तुम्ही परस्पर लिहिलंत आणि ऐनवेळी त्याच्या हातात कोंबलंत. काळा पोरगा योजनेत आला, म्हणजे घरात बाप नसणारच, हे तुम्हीच ठरवून मोकळ्या झालात!

आमच्या चर्चमध्ये कुणीही बोलायला उभं राहिलं की आधी देवाचे, मग पाद्रीबाबांचे, मग आईबापांचे आभार मानतं. लमॉन्टनंही देणगीदारांपुढे सवयीनं तेच केलं.

"आणि ते माझे बाबा. बाबा, उभे राहा ना!"

माझा नवरा रॉस्को बसची ड्यूटी संपवून गणवेशातच आला होता. लाजत अर्धवट उठला.

"अरे, नीट उभा राहा की! दिसू दे सगळ्यांना!" मागून टोलिव्हर ओरडले. टाळ्या पडल्या.

मग पोरानं तुमचा कागद उघडला. पहिलंच वाक्य, 'मला वडील नाहीत.' त्यानं तुमच्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून खिशात घातला. आता सांगा, माफी कुणी मागायची?

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. रॉस्कोची बस तुमच्या दारातच थांबते. उद्या येते आणि समोर उभी राहून वाचते. पण आधी आभार मानीन: देवाचे, पाद्रीबाबांचे आणि माझ्या नवऱ्याचे.

अर्नेटा,
लमॉन्टची आई, रॉस्कोची बायको