काल रात्री काय जेवलात?

४ ऑगस्ट, सांगली
ठरलं! डॉ. हंबीरराव दवाखान्यात म्हाताऱ्यांची तब्येत जोखणारं सॉफ्टवेअर आणतायत. टॅबलेट प्रश्न विचारतो, उत्तरांवरून हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा. सगळं इंग्रजीत. मराठी करायचं काम माझ्याकडे! जमलं तर कायमची नोकरी. नाही जमलं तर तासगावला आबांच्या बेदाण्याच्या दुकानात. पण न जमायला काय झालंय? मराठीनंतर कन्नड, गुजराती, मग जपानी. जपानमध्ये म्हातारे लय. माझं नावच अतिशय, मग काम थोडकं कसं करणार?

९ ऑगस्ट
कन्नड सुरू. ‘नमस्कार’ झालं. मराठीतही तेच चालतं, म्हणजे दोन भाषा एकदम पुढे सरकल्या. आज सुट्टी.

१७ ऑगस्ट
थोडा मागे आहे. दोष खोलीतल्या उकाड्याचा. रात्री गाड्यावर अंडाबुर्जी खाल्ली की डोकं चालतं. आईला हे सांगायची गरज नाही. तिथंच सुचलं! इंग्रजीत रुक्षपणे विचारलंय, भूक नियमित लागते का? मी केलं, ‘काल रात्री काय जेवलात?’ किती घरगुती! स्वतःवरच खूश होऊन आणखी एक प्लेट सांगितली.

२४ ऑगस्ट
मराठी पूर्ण. डॉक्टर म्हणाले, घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा वाचून दाखव. आईला फोन केला, ती मंदिरात. राहिलं. आणि माझी मातृभाषा मी कुणाला विचारू?

३० ऑगस्ट
पहिलं शिबिर तासगावच्या जैन मंदिरात घ्यायचं मीच सुचवलं. पर्युषण चालू, सगळे म्हातारे एका जागी. आपलाच समाज. नियोजन असावं तर असं! भाषण पाठ केलंय.

१ सप्टेंबर, तासगाव
सकाळ. भाषणाला टाळ्या.
दुपार. पहिला नंबर सुलाबाईंचा. काल रात्री काय जेवलात? म्हणाल्या, काय न्हाई. परवा? काय न्हाई. कधीच नाही? आरं बाळा, जल्मात न्हाई. लाल. दुसऱ्या आल्या, लाल. अख्खी रांग लाल. सूर्य मावळल्यावर इथं कुणी जेवत नाही, हे टॅबलेटला कुणी सांगितलंच नव्हतं. लाल दिवा लागला की दवाखान्याला आपोआप निरोप जातो, ही सोय मीच हौसेनं चालू ठेवलेली. अँब्युलन्स आली. सुलाबाईंचे उपवास चालू, तरी स्ट्रेचर धरून धापा टाकणाऱ्याला त्यांनीच पाणी आणून दिलं. दिवसभरात हिरवा दिवा एकच. अँब्युलन्सचा ड्रायव्हर आकारामनं गंमत म्हणून उत्तरं दिली. त्यानं रात्री मटण खाल्लं होतं.
डॉक्टरांनी टॅबलेट तेवढा मागून घेतला. आई म्हणाली, जैनाघरी जल्मलास, ह्यो प्रश्न तुला सुचला कसा रं? मी उकाड्याचं कारण सांगितलं.

१५ सप्टेंबर, तासगाव
दुकानात बसतो, तात्पुरता. आबांनी माझ्यासाठी नवी गादी शिवून घेतलीय. आई उजेड असतानाच ताट वाढते आणि संपेपर्यंत समोरून हलत नाही. जपान जरा पुढे ढकललंय. सॉफ्टवेअर फोनवर अजून आहे. आज सहज स्वतःलाच तपासलं.
काल रात्री काय जेवलात?
काही नाही.
लाल.