तुकारामची रिकामी चौकट

भोर, शुक्रवार, दिवेलागण

सूनबाईने, स्मिताने, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी वेबसाइट केली. आज यादी उघडली तर जेमतेम निम्मी नावं. तुकाराम नाही. उद्या याच यादीवरून निमंत्रणं जाणार. जीव नुसता टांगणीला.

"बाबा, 'मयत' या चौकटीत तुम्ही काहींचं होय-नाही काहीच भरलं नाही?"

"ज्यांचं ठाऊक नाही, त्यांचं कसं भरू?"

"मग बरोबर. मी डेटाबेसकडं 'नाही' लिहिलेले, म्हणजे हयात, तेवढेच मागितले. रिकामी चौकट त्याच्या लेखी 'होय' नाही न् 'नाही'ही नाही. वगळली त्यानं."

हजेरीपटाची सवय, दुसरं काय. उशिरा येणाऱ्याची चौकट मी मधल्या सुट्टीपर्यंत रिकामी ठेवायचो. तुकाराम भोंगवलीहून शेरडं बांधून धावत यायचा. वर्गात कविता चालू असली, तर दारातूनच पुढची ओळ म्हणायचा. मग हळूच, "गुरुजी, म्या आलो."

स्मिताने क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडं केलेल्या मागणीत, रिकाम्या चौकटीही धरल्या. तुकाराम यादीत आला. हायसं वाटायला हवं होतं.

पण दिवाळीत किकवीच्या स्टँडवर कुणीसं म्हणालं होतं, तुकाराम लई आजारी हाय. मी पुढं विचारलंच नाही. म्हणजे ठाऊक नव्हतं, की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं?

सकाळच्या एसटीने भोंगवलीला जातो. तोवर चौकट रिकामी राहू दे. मधली सुट्टी अजून झालेली नाही.