गोळी उपासाला चालते

आई, तुला हसू येईल, पण तुझ्या लेकीला हल्ली झोप लागत नव्हती. तीच मी, झेंडूच्या तोडणीला आले की क्रेटला पाठ टेकून भर दुपारी घोरायची आणि तू अंगावर देठं फेकून मला उठवायचीस. तू गेलीस त्या वयाची मी आता झाले. गंगापूर रोडला राहते, दिवसभर ऑफिसात खुर्चीवर बसते, आणि या वर्षी माझ्याही रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली, रोज चाला म्हणाल्या, खाण्याकडे लक्ष द्या म्हणाल्या. एवढंच माझ्या कानात राहिलं. पुढचं सगळं डोकं माझं.

मी सरळ जिम लावली. ऑफिस आणि घरचं आवरून रात्रीची बॅच. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान, पण काय जरब तिची! मी धापा टाकत खाली बसले की म्हणते, "मॅम, बसायला नाही आलो आपण." भात बंद केला, भाकरी बंद केली. दिवे लागले की दुधीचं सूप आणि चार काकडीच्या चकत्या, त्यानंतर सकाळपर्यंत फक्त पाणी. गोळी मात्र न चुकता. वजन उतरलं, ब्लाऊज सैल झाले, ऑफिसातल्या बायका जवळ येऊन विचारायला लागल्या, काय करतेस गं नेमकं. मला काय भारी वाटलं म्हणून सांगू. झोप तेवढी गेली. डोळा लागला की दचकून जाग यायची, छातीत धडधड, मान घामाने ओली. मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. अंगाला व्यायामाची सवय नाही, बसेल हळूहळू, असं मी सगळ्यांना सांगत होते. कोणी जायफळ घालून दूध घ्यायला सांगितलं, पण सुपानंतरचं दूध माझ्या नियमात बसत नव्हतं.

एका रविवारी लेकीने पिठलं-भाकरी केली. तुझी नात, आई, तू न पाहिलेली. भाकरी तिला जमत नाही, कडा फाटतात, पण त्या दिवशी एक टम्म फुगली आणि ती ताट घेऊन नाचतच बाहेर आली. "एक घास खा ना, आई." म्हटलं, "माझं झालंय. आता चालत नाही." तिने ताट खाली ठेवलं. "चालत नाही म्हणजे? बाटलं का तुझं काही? आई, तू डाएट नाही करत आहेस. तू उपास करते आहेस. तोंडसुद्धा तसंच करून बसतेस." मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला असेल. माझ्यासमोर उपासाचं नाव काढायचं नाही, म्हटलं. तिने ताट उचलून आत नेलं. आमच्या घरात कोणी उपास करत नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे. का करत नाही ते तिने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने मला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कधी घेता. म्हटलं, संध्याकाळी, अगदी आठवणीने. "आणि जेवता काय?" मी सुपाचं सांगितलं, जरा कौतुकानेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गोळी घेता, वर व्यायाम करता, आणि उपाशी झोपता? अहो, झोपेत साखर उतरतेय तुमची. म्हणून तो घाम, म्हणून ती धडधड. एखाद्या दिवशी उठला नसता. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, सांगितलं होतं ना मी? हे असं करायला कोणी शिकवलं तुम्हाला?" लेक माझ्याकडे बघत होती. आई, कोणी शिकवलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

मी सातवीत आहे. श्रावणातला सोमवार, आणि मैत्रिणींचं बघून मीही उपास धरलाय. दुपार टळेपर्यंत सगळा उत्साह उतरलाय. तू चुलीपुढे दादांसाठी, तुझ्या कारभाऱ्यासाठी, भाकरी थापतेस आणि मी दाराशी रडवेली होऊन बसलेय. तू वळून बघतेस, तव्यावरची भाकरी काढतेस, तिच्यावर ठेचा आणि तेल घालून माझ्या हातात देतेस. "खाय गुपचूप. लेकराच्या पोटाला देव कशाला मागंल?" मी विचारते, "मग तुझ्या पोटाला कसा मागतो?" तू पिठाच्या हातानेच पाठीत धपाटा घालतेस. "तोंड लय चालायला लागलं तुझं." फ्रॉकवर तुझी पाच बोटं पांढरी उमटतात आणि मी ती भाकरी अधाशासारखी खाते. या प्रश्नाचं उत्तर तू पुढेही कधी दिलं नाहीस.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. लग्नाला वर्षं झाली, मला मूल राहत नव्हतं, आणि तू सोळा सोमवार धरलेस. तोवर तुला साखर निघाली होती. मी फोनवर कटकट केली, भांडले, तर म्हणालीस, "गोळी घेतीय की सकाळी. गोळी काय अन्न हाय का? चालती ती उपासाला. एक घास नाय गेला तर मी काय मरत नाय." गोळी चालते, घास चालत नाही. हा नियम तूच केलास, तूच पाळलास, आणि त्या सोमवारी भर उन्हात झेंडूच्या सरीत पडलीस. फुलांचे क्रेट उतरवून दादांनी त्याच टेम्पोतून तुला नाशिकला आणलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझ्या नखांत झेंडूचा हिरवा डाग होता, आणि तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आत्या म्हणाल्या, काकू म्हणाल्या, गावातल्या बायका ओटी भरताना म्हणाल्या, आईच्या उपासाला फळ आलं. मी हसून मान डोलवत होते आणि आतून जळत होते. राहिलेले सोमवार मी पुरे करावेत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी नाही म्हटलं. माझं बाळंतपण सासूबाईंनी केलं, चांगलं केलं, डिंकाचे लाडू, शेक, धुरी, कशाला कमी पडू दिलं नाही. पण बाळाच्या टाळूला तेल घालताना मला तुझा इतका राग यायचा, आई. तू देवाशी सौदा केलास आणि मला विचारलंही नाहीस. मला मूल हवं होतं, खूप हवं होतं. पण तू जाऊन नाही. हे कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण समोर पाळण्यात ही हसत होती.

आता गोळीची वेळ बदलली आहे, व्यायाम सकाळी करते, आणि रात्री ताटात अर्धी भाकरी असते. पहिल्या रात्री ती खाताना काहीतरी मोडतेय असं वाटत होतं. लेक समोर बसून शेवटचा घास जाईपर्यंत बघत राहिली, तुझ्याच डोळ्यांनी. आता झोप लागते. कधी कधी अलार्मही ऐकू येत नाही आणि ट्रेनरचा फोन येतो.

हा कागद मी कुठे पाठवणार? घडी करून कपाटात टाकीन, नाहीतर फाडीन. पण त्याआधी एक सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगवत नाही. डॉक्टरीणबाईंना, लेकीला, ऑफिसातल्या बायकांना मी एकच सांगितलंय, की हे सगळं मी स्वतःसाठी करतेय, आणखी कोणासाठी नाही. ते खरं नाही. पहिल्या संध्याकाळी सुपाचा वाडगा पुढे ओढताना, देवाशी इतकी वर्षं अबोला धरलेली मी, मनातल्या मनात हात जोडून म्हणाले होते, हिचं बाळंतपण करायला मला ठेव.