शिवण बाहेरच्या बाजूने

४ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार.

पत्राची सुरुवात ‘मी इकडे ठीक आहे, तूही ठीक असशील’ अशी करायची असते. त्यातलं पहिलं खरं नाही आणि दुसरं मला माहीत नाही, म्हणून ते वाक्य सोडून देते. तू फोन उचलत नाहीस. पत्र निदान दाराच्या फटीतून आत येतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. मला तुझ्याकडून काही नको आहे. बाबांच्या वेळचं उकरून काढायलाही हे पत्र नाही.

मला लिम्फोमा आहे. लसिकाग्रंथींचा कर्करोग. दोन वर्षांपूर्वी झाला होता, उपचारांनी गेला, तेव्हा तुला कळवलं नव्हतं. आता परत आला आहे. या वेळी औषध इतकं जहाल द्यावं लागणार आहे की आजाराबरोबर माझ्या हाडांतला मगजही जळून जाईल, आणि रक्त तिथेच तयार होतं. म्हणून त्या मगजातल्या मूलपेशी आधीच काढून गोठवून ठेवल्या आहेत. औषध देऊन झालं की त्या शिरेतून परत सोडतील. बी बाजूला काढून ठेवायचं, शेत जाळायचं आणि मग पेरायचं, असं समज. पेशींना वाट दाखवावी लागत नाही. रक्तातून फिरत फिरत त्या आपलं हाड आपणच शोधतात. हे कसं होतं ते मी परीक्षेत लिहिलं आहे, पूर्ण गुणही मिळाले आहेत. तरी अलीकडे त्यावर माझा नीट विश्वास बसत नाही.

सांगायचा मुद्दा हा, की देणारीही मीच आणि घेणारीही मीच. भावंडांची तपासणी वगैरे या प्रकारात लागत नाही. तू घाबरू नकोस.

मी जिथे नोकरी करते ती प्रयोगशाळा हेच काम करते, हे तुला आठवत असेल. चार वर्षं मी लोकांच्या पेशी गोठवते आहे. स्वतःच्या गोठवायची वेळ आली तेव्हा मात्र मला खोलीबाहेर काढलं. स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. योग्यच आहे.

आधी इंजेक्शनं देऊन पेशी रक्तात उतरवायचा प्रयत्न झाला. त्या उतरल्या नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुझ्या पेशी घर सोडायला तयार नाहीत गं.” आमचे सीनियर शेजारी होते. ते कधी तापत नाहीत म्हणून त्यांना सगळे थर्मामीटर म्हणतात. ते म्हणाले, “मालकिणीवर गेल्यात. खोदून विचारल्याशिवाय बोलायचं नाही.” शेवटी भूल देऊन कमरेच्या हाडातून काढाव्या लागल्या. खोदूनच.

नंतर त्या गोठवायचं काम चालू असताना मी बाहेर स्टुलावर बसले होते. दाराला काच आहे. थर्मामीटरनी टाकीचं झाकण उचललं आणि पांढरी वाफ कडेवरून ओसंडून जमिनीवर आली, त्यांच्या बुटांभोवती घोटाळली. माझी पिशवी त्या वाफेत उतरताना दिसली. रोजचं दृश्य आहे. पण त्या दिवशी वाटलं, कुणीतरी मला उचलून आत निजवायला नेतं आहे आणि मी बाहेर बसून बघते आहे. झाकण लागलं. मी स्टुलावरून उठले ती जरा हलकी होऊन. कंबर दुखत होती ते वेगळं.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की थंडी वाजते, अंगावर पांघरूण असलं तरी. डॉक्टरबाईंना सांगितलं नाही. वैद्यकीय अर्थ काही नाही त्याला.

एवढंच कळवायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी धाकटी बहीण

२३ ऑक्टोबर

ताई,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती, पण पत्त्यातली अक्षरं मी ओळखते. खडूने कापडावर खुणा केल्यासारखी अक्षरं तुझ्याशिवाय कोणाची असणार?

टोपी उघडून पाहिली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, घाईत उलटी शिवलेली दिसते. शिवण बाहेरच्या बाजूने होती. इतकी वर्षं शाळेचे गणवेश शिवणारी बाई अशी चूक कशी करेल, म्हणून मी ती उलटसुलट करून बघत राहिले. मग उलटी करून घातली. म्हणजे मला जी सुलटी वाटत होती, तशी. केस कालच गेले होते, डोक्याची कातडी भाजल्यासारखी हुळहुळी झाली आहे. शिवण टोचली, आणि मग कळलं. शेजारच्या कॉटवरच्या आजी म्हणाल्या, “तुला टोपी कळेना, आणि लॅबवाली म्हणवतेस.” त्यांना सांगितलं, आम्हाला नमुन्याबरोबर माहिती लागते. त्या म्हणाल्या, “टोपीच सांगतेय की. अजून काय हवं?”

वॉर्डात बाहेरचं कापड चालत नाही. थर्मामीटर टोपी घेऊन गेले आणि आमच्या यंत्रात वाफेने निर्जंतुक करून, पिशवीत सील करून, वर तारीख घालून परत घेऊन आले. एका टोपीला इतकी शिस्त पहिल्यांदाच लागली असेल. माप बरोबर आहे. डोक्याचं माप तुला मी दिलं नव्हतं.

जहाल औषध सुरू झालं आहे. ते शिरेतून जात असताना तोंडात सतत बर्फ धरावा लागतो, म्हणजे तोंडातल्या नसा आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि फोड कमी येतात. मी खिडकीकडे तोंड करून बर्फ चघळत पडून राहते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी चादरी वाळत घालतं. वारा आला की त्या फुगतात, आणि मला आमची टाकी आठवते. काही वेळाने टाकी, चादरी, तोंडातला बर्फ यांतलं काय कुठे आहे ते सांगता येत नाही. वाईट वाटत नाही. पाण्याखालून वर बघावं तसं सगळं दिसतं.

अशात ते प्रदर्शन परत परत दिसतं. आठवतं का तुला? आई गेली त्यानंतरचं वर्ष. बाबा आपल्याला यंत्रांचं प्रदर्शन बघायला घेऊन गेले होते. निघण्याआधी तू मला दारात उभं करून पढवलंस: हरवलीस तर रडायचं नाही. कोणी विचारलं तर पूर्ण नाव सांगायचं. आणि जिथे आहेस तिथेच उभं राहायचं, फिरायचं नाही, मी येते. तीनदा म्हणून घेतलंस. आणि मी हरवलेच, एका मोठ्या तराजूपाशी, त्याचा काटा कधी स्थिर होतो ते बघत. घोषणा करणाऱ्या माणसाने नाव विचारलं तर मी म्हणाले, “मापटं.” घरात सगळे तेच म्हणायचे. दोन पेल्यांतलं दूध एका रेषेत आल्याशिवाय मी कुणाला पिऊ देत नसे, म्हणून तूच ठेवलेलं नाव. मग सगळ्या मैदानावर भोंग्यातून आलं, “मापटं नावाची मुलगी सापडली आहे.” लोक हसले. तू धावत आलीस आणि पहिल्यांदा एक धपाटा घातलास. “पूर्ण नाव सांगायचं म्हटलं होतं ना?” मग घरी जाईपर्यंत हात सोडला नाहीस. माझी बोटं पांढरी पडली होती.

बाबांच्या शेवटच्या आजारात तू म्हणालीस, “तुला माणूस दिसत नाही, नुसते आकडे दिसतात.” मी उपचार थांबवू या म्हटलं होतं, तुला थांबवायचे नव्हते. मला आजही वाटतं की थांबवायला हवे होते, त्यांचे हाल वाचले असते. हे मी बदलून लिहू शकत नाही. पण इथे रोज सकाळी माझ्या कॉटच्या पायथ्याशी माझे आकडे लिहितात. ते उतरू लागले आहेत. उतरणारच, औषधाचं तेच काम आहे. ते वाचताना मला जे वाटतं, ते मोजायचं एकक मला ठाऊक नाही. त्या वेळी तुला काय वाटत असेल याचा अंदाज आता थोडा येतो. नेमका नाही.

डॉक्टरबाईंनी काल विचारलं, “घरी गेल्यावर जवळ कोण आहे?” सुरुवातीचे काही आठवडे माणूस एकटं राहून चालत नाही. ताप आला तर तासाभरात इथे आणावं लागतं. मी म्हटलं, “ताई आहे.”

हे खोटं नाही. तू आहेस.

बर्फ संपला. थांबते.

धाकटी

११ नोव्हेंबर

ताई,

पेशी सोडल्या त्या दिवशी एक घोटाळा झाला. तो तुला सांगायलाच हवा, कारण त्यात तू होतीस.

हे काम कसं चालतं ते आधी सांगते. थर्मामीटर पिशवी गोठलेल्या अवस्थेत कॉटपाशी घेऊन येतात आणि शेजारीच कोमट पाण्यात वितळवतात. एकदा वितळली की घाई करावी लागते. गोठताना पेशींना सांभाळणारा जो द्रव त्यात घातलेला असतो, तोच उबेत आल्यावर त्यांना मारू लागतो. नळी जोडण्याआधी नाव तपासायचं. मनगटावरची पट्टी पुरत नाही. रुग्णाने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचं, आणि त्याला शुद्ध नसेल तर नातेवाइकाने. हा नियम मीच लिहिला आहे. एकदा सारख्या नावाचे दोन रुग्ण शेजारी शेजारी आले होते आणि पिशव्या जवळजवळ बदलल्या होत्या, तेव्हा. सगळे कुरकुरले होते. थर्मामीटर एकटेच म्हणाले होते, “पोरगी बरोबर सांगतेय.”

तर पिशवी वितळली. मला त्याआधी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं होतं, त्याची गुंगी चढली होती. पुढचं मला नर्सबाईंनी सांगितलं. त्यांनी विचारलं, “नाव सांगा.”

मी म्हणाले, “मापटं.”

“काय?”

“मापटं.”

नर्सबाई हसायला लागल्या. “अहो सर, जोडू का? चार वर्षं ओळखतो आपण हिला.”

थर्मामीटर म्हणाले, “पिशवीवर मापटं लिहिलेलं नाही.”

“पट्टी बघा ना हातावरची.”

“पट्टी चालत नाही. हिचाच नियम आहे. नातेवाईक आहे का बाहेर कोणी?”

कोणी नव्हतं. ते पिशवी हातात धरून उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता म्हणे. थर्मामीटर चढलेला पहिल्यांदाच पाहिला, असं नर्सबाई अजून सगळ्यांना सांगतात. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पिशवीत होतं, आणि मी झोपेत हसत होते.

आता माझ्या बाजूने. मी त्या तराजूपाशी उभी होते. मैदान रिकामं होतं, सगळीकडे पांढरं धुकं, आणि ते जमिनीलगत वाहत होतं. काटा हळूहळू हलत होता. कोणीतरी काही विचारत होतं, पण मला घाई नव्हती. इतकं शांत होतं की कुठे जावंसं वाटत नव्हतं. मी हरवले आहे हे मला माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. ताई, हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं नाही, पण तुला सांगते. मला तिथेच राहावंसं वाटलं.

तेवढ्यात तुझा आवाज आला. तुझा नेहमीचा, वीस शिलाई मशिनांवरून पलीकडे पोचणारा. “पूर्ण नाव सांग! पूर्ण!”

आवाज नर्सबाईंचा होता. त्यांनाही वॉर्डभर ओरडायची सवय आहे. पण मी दचकले आणि सांगून टाकलं. माझं, बाबांचं, आडनाव. तिथेच थांबले नाही म्हणे. आपल्या जुन्या घराचा पत्ता सांगितला, मजला सांगितला, आणि म्हणाले, “माझी ताई येणार आहे. ती येईपर्यंत मी इथून हलणार नाही.”

“हलू नका,” नर्सबाई म्हणाल्या, “तेच हवंय आम्हाला.” आणि नळी जोडली.

खोलीत लसणासारखा वास सुटला. तो त्या द्रवाचा, श्वासातून बाहेर येतो. दोन दिवस माझ्याजवळ आलेला प्रत्येकजण नाक मुरडत होता. पेशी मात्र कुठे गेल्या ते कळत नाही. शिरेत शिरल्या आणि गप्प. नंतरचे दिवस मी फारसे लिहीत नाही. तोंड सोललं, ताप आला, उतरला. आकडे शून्यावर येऊन पडून राहिले. शेजारच्या आजी घरी गेल्या, जाताना म्हणाल्या, “तुझ्याही पोहोचतील गं. रस्ता लांबचा असतो कधीकधी.” मी पडून विचार करायचे, की त्या गोठून उठलेल्या, अर्धवट झोपेतल्या पेशी माझ्यातून फिरत असतील, आणि त्यांना कुणी विचारलं तर त्यांनी काय सांगायचं?

काल सकाळी आकडा हलला. फार नाही. मी तो दोनदा तपासायला लावला. आज तो आणखी वर आहे. थर्मामीटर येऊन माझ्या कॉटपाशी उभे राहिले आणि टोपी सरळ करून गेले.

म्हणजे पेशींना हाड सापडलं.

पुढच्या आठवड्यात घरी सोडतील, घरी माणूस असेल तर. नर्सबाई रोज विचारतात, “तुमची ती ताई कधी येणार?” मी म्हणते, “कळवते.” आजार परत येणारच नाही असं कुणी लिहून देत नाही, मीही देणार नाही. पण पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला तुझ्याकडून काही नको आहे. ते पुन्हा तपासलं. चुकीचं निघालं.

तुला बाबांवरून अजून राग असेल तर तो घेऊन ये. आपण भांडू. मी हळू आवाजात भांडेन, तोंड अजून दुखतं.

तू शिकवलेल्या तीन गोष्टींपैकी रडायचं नाही ही मला पूर्ण जमली नाही. पूर्ण नाव सांगून झालं आहे. तिसरी चालू आहे. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या खोलीत, डोक्याला टोपी आहे, शिवण बाहेरच्या बाजूने. जिथे आहे तिथेच उभी आहे. फिरत नाही.

मापटं