दोनाची एक केबल

४ सप्टेंबर
भिंतीवरून दोन केबल उतरतात. एक डिशची, एक एरियलची. रविवारपर्यंत एकच उतरेल. छतावरचा कॉम्बायनर दोन्ही सिग्नल एकत्र करील, टीव्हीमागचा वेगळे करील. मेकॅनिक नको.
बायको म्हणाली, काय हवं ते करा, फक्त बाबांच्या बातम्या बंद पडू देऊ नका. आई गेल्यापासून बाबा दिवसाला एकच शब्द बोलतात. सकाळी सातला एरियलवरची बातम्यांवाली नमस्कार म्हणते. बाबाही पलंगावरून नमस्कार म्हणतात. तेवढंच.
बातम्या बंद पडण्याचा प्रश्नच नाही.

६ सप्टेंबर
दोन्ही कॉम्बायनर बसवले. एरियलची जुनी केबल कापली. मधेच माघार घ्यावीशी वाटू नये म्हणून तुकडे केले.

७ सप्टेंबर, सकाळी ७.०५
डिश उत्तम. एरियलवर मुंग्या आणि खरखर. सिग्नल अजून मुरायचा आहे.
बाबांनी वाट पाहिली. मग खरखरीला नमस्कार म्हणाले.

८ सप्टेंबर
वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड वायरमनने जिन्यात गाठलं. म्हणाला, साहेब, तुमच्या एरियलला सिग्नल वाढवणारा बूस्टर आहे, त्याला करंट त्या जुन्या केबलमधूनच जायचा. तुम्ही त्याची नाळच कापलीत. मी म्हणालो, बघू. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.
बाबा आज काही बोलले नाहीत.

१० सप्टेंबर
काल दिवसभर पाऊस. टीव्हीमागच्या भिंतीवर बशीएवढा डाग. सॉकेटमधून थेंब. हवेतला दमटपणा.
बायको म्हणाली, हवा नाही, तुमची केबल गळतेय. छतावरच्या जोडाला टेप नीट लावली नसणार. वर म्हणाली, वा, एका केबलमधून आता तीन गोष्टी येतात: डिश, मुंग्या आणि पाणी.
हसलो नाही. खाली वाटी ठेवली.

११ सप्टेंबर
डाग ताटाएवढा. खाली बाबांच्या पलंगाच्या पायथ्याजवळचा स्विचबोर्ड. बायकोने पलंग खिडकीकडे ओढला. तिथून टीव्ही तिरका दिसतो, म्हणून ती बाहेर गेल्यावर परत जागेवर आणला. शेवटी हे सगळं बाबांसाठीच चाललंय.
बाबा टीव्हीकडे नाही, डागाकडे बघत होते.

१२ सप्टेंबर, सकाळी ७
बोर्डातून निळी ठिणगी. चट् असा आवाज, फ्यूज उडाला, घरभराची वीज गेली. जळका वास. पलंगाची चादर एका कोपऱ्यात काळी. बाबांना काही झालं नाही. पायापासून बोटभर अंतर होतं.
बायकोने थेट माझ्या ताईला फोन लावला.

१३ सप्टेंबर
ताई आणि भावजी गाडी घेऊन आले. ताई म्हणाली, तुझी हौस होते रे, पण बाबांचा जीव जातो. बायको सामान बांधत होती. बाबांचं, आणि थोडं स्वतःचंही. त्यांची औषधं तिलाच ठाऊक, म्हणून.
भावजींनी एरियल दहा मिनिटांत उतरवून गाडीवर बांधलं. बूस्टरसकट.

१५ सप्टेंबर
ताईचा फोन. सातला बातम्यांवाली दिसताच बाबा नमस्कार म्हणाले. वर म्हणाले, इतके दिवस कुठे होतीस? सगळे रडले म्हणे.
छतावर फक्त डिश. भिंतीवरून एकच केबल उतरते. ठरल्याप्रमाणे.

१६ सप्टेंबर, सकाळी ७
फ्यूज कालच बदलला. टीव्ही एरियलवर लावला. सहज, तपासणीसाठी. खरखर.
घरात कोणी नव्हतं. नमस्कार म्हणालो.
वाटीत थेंब पडला.