कंडक्टर तारेपलीकडे

१० फेब्रुवारी, शनिवार

गाडी इथं आणून लावली आणि भूपेंद्र गेला. दाराची कडी कशी लावायची ते दोनदा दाखवून गेला – जशी काही मी आजच या गाडीत आले! तोतारामभाऊंनी त्याला मोटारसायकलवर यावलच्या स्टँडवर सोडलं. 'आई, पुढच्या रविवारी न्यायला येतो, तोवर राहा, हौस फिटू दे,' म्हणाला. मग गाडी विकायची आहे.

हौस माझी नव्हती, यांची होती. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर शाळेची जुनी मिनीबस घेतली, सीटा काढून टाकल्या, फळ्यांचा पलंग केला, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. 'जन्मभर लोकांना त्यांच्या गावी पोचवलं, आता कुठंच पोचायची घाई नको.' पहिला मुक्काम इथंच ठरला होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, यांच्या मित्राच्या, तोतारामभाऊंच्या केळीच्या बागेला लागून. त्याआधीच गेले.

वर्षश्राद्ध होईपर्यंत मी धुळ्याच्या, देवपूरमधल्या घराबाहेर पडले नाही. गेल्या महिन्यात झालं. आता आले. दोन कुत्रे सोबत आहेत.

घंटी म्हातारी, गाडीखाली पडून असते. दुसरा तीन वर्षांचा, नाव कंडक्टर. तेही यांनीच ठेवलेलं. 'ड्रायव्हर मी, मग हा कोण?'

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तोतारामभाऊ केळीचा घड आणि बातमी घेऊन आले. 'वहिनी, कुत्रे मोकळे सोडू नका. पाटाच्या कडेला ठसे दिसले. मागल्या महिन्यात वस्तीवरचे दोन कुत्रे उचलले त्यानं.'

'बिबट्या?'

'मग काय मांजर!'

घंटीची काळजी नाही, ती कुठं जात नाही. कंडक्टरला साखळीनं मागच्या चाकाला बांधलं. तासाभरानं बघते तर चाकाभोवती फिरून फिरून साखळी संपवलेली, नाक रबराला टेकलेलं, जीभ बाहेर. पाण्याचं भांडं हातभर लांब. सोडवताना माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं.

दोरीनं बांधला. दोरी अर्ध्या तासात कुरतडली. सुताची होती, चुकलंच.

मग दोघांना गाडीत घेऊन दार लावलं. फेब्रुवारी असला तरी दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो. खिडक्या उघडूनही घंटी धापा टाकायला लागली. दार उघडलं. दाराशी मीच बसून राहिले, कंडक्टरच्या गळ्यातला पट्टा धरून, संध्याकाळपर्यंत. हात भरून आला.

हे असते तर एका दिवसात काहीतरी जुगाड केलं असतं. मला सुचत नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सुचलं! निंबाच्या झाडापासून गाडीच्या मागच्या हुकापर्यंत डोक्याच्या उंचीवर तार ताणली. तारेत कडी, कडीला साखळी. कडी सरकते, कुत्रा इकडून तिकडे धावतो. रुख्माबाईनं सांगितलं. तिचा नवरा दिवल्या या बागेची राखण करतो, ती केळीची वाळलेली पानं कापते. ती शिरपूरकडची, म्हणून बोली आपल्या धुळ्याची. कानाला बरं वाटलं.

'आम्ही बकरीले असंच बांधतस, अक्का.'

दुपारी चारपर्यंत छान. मग माकडं आली. कंडक्टर निंबाभोवती तीन वेढे घेऊन स्वतःच झाडाला बांधला गेला. माकडं वर बसून बघत होती. मलाही हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं हसले आणि लगेच वळून बघितलं, कोणाला सांगू म्हणून.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

तोतारामभाऊंनी झटका मशीन दिलं.

रानडुकरं केळीत शिरू नयेत म्हणून इथं प्रत्येक बागेला ते असतंच. बॅटरी, डबा, आणि चहूकडे पातळ तार. तारेला लागलं की फटका बसतो, मरत नाही कोणी. त्यांच्याकडे एक जास्तीचं होतं. 'डुक्कर आत येत नाही, मग कुत्रं बाहेर कसं जाईल?' बोलणं पटलं. दिवल्यानं बांबूच्या खुंट्या ठोकल्या, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन तारा ओढल्या. गाडी आणि निंब मध्ये धरून चांगलं अंगण झालं. गळ्यातला पट्टा काढला. कंडक्टरनं अंग असं झटकलं, जसा शाळेतून सुटला!

मशीनची पुस्तिका वाचून काढली. मी अक्षरं उशिरा शिकले, पस्तिसाव्या वर्षी, बसच्या पाट्या आणि वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन. म्हणून छापलेलं काही वाचायचं सोडत नाही. शेवटच्या पानावर आहे – 'जनावरास सोडण्यापूर्वी तारेची ओळख करून द्यावी.' हे बैलांसाठी असणार.

१४ फेब्रुवारी, बुधवार

कंडक्टर गेला.

सकाळी आठ वाजता. बागेतून एक डुक्कर सरकलं. हा धावत सुटला. तार त्याला दिसलीच नाही. छातीला लागली तेव्हा तो निम्मा पलीकडे होता. असा ओरडला! मागे फिरायचं सोडून पुढेच पळाला. केळीत. मग काही दिसेना. फक्त पानं हलताना दिसली, एकेक ओळ लांब लांब.

मशीन बंद करायचं सुचायला मला पाच मिनिटं लागली.

दिवसभर हाका मारत फिरले. पाटाच्या कडेनं, बागेच्या मधल्या वाटेनं, वस्तीपर्यंत. 'कंडक्टर! ए कंडक्टर!' वस्तीवरची माणसं ओट्यावर येऊन बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, 'बस चुकनी का व बाई?' सगळे हसले. मग रुख्माबाईनं त्यांना सांगितलं काय झालं ते. हसू थांबलं. म्हातारा उठून म्हणाला, 'नाल्याकडे नको जाऊ एकटी.' आणि काठी घेऊन माझ्यासोबत आला. झुलाल त्याचं नाव. नाल्यापर्यंत आम्ही दोघं गेलो.

सापडला नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

नाही.

भूपेंद्रचा फोन होता. सांगितलं. तो म्हणाला, 'आई, मी आत्ता निघतो.' मी म्हटलं, येऊन काय करशील? तुझ्या हाकेला तो येत नाही. मग म्हणाला, 'बरं झालं असतं ना, मी म्हणत होतो तेव्हाच कोणाला देऊन टाकला असता तर.' तो वाईट बोलला नाही. खरंच बोलला. मी फोन ठेवून दिला.

पुस्तिका परत काढली. शेवटचं पान पूर्ण आहे असं – 'जनावरास सोडण्यापूर्वी तारेची ओळख करून द्यावी. दोरीस धरून तारेजवळ न्यावे. ओळख नसलेले जनावर झटका बसताच पुढे पळते व परत तार ओलांडत नाही.' कुठलं जनावर ते लिहिलेलं नाही. सगळीच आली. मी एकही ओळ सोडली नव्हती. वाचली आणि मानली नाही, माझ्या सोयीची नव्हती म्हणून.

तोतारामभाऊ संध्याकाळी येऊन बसले. मशीन त्यांनी दिलं म्हणून त्यांचंही तोंड उतरलेलं. 'वहिनी, आम्ही डुकराचाच विचार करतो. बाहेरून येणाऱ्याचा. आतून जाणाऱ्याचा कधी केलाच नाही.' चहा तसाच ठेवून गेले.

हा कुत्रा यांचा होता. शेवटचे दोन महिने यांच्या पलंगाखालून हलला नाही. गेले त्या दिवशी माणसांनी घर भरलं, तेव्हाही तिथंच. सगळे पांगल्यावर घरात आम्ही तिघं उरलो – मी, घंटी आणि तो. यांच्याबद्दल कोणी बोललेलं आता मला चालत नाही, लोक चुकीचं बोलतात. तो बोलत नाही, पण त्याला सगळं माहीत आहे. त्याला मी फटका दिला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आहे! जिवंत आहे!

सकाळी सातला दार उघडलं तर तारेपलीकडे पंधरा-वीस पावलांवर, बांधाच्या कडेला उभा. छातीवर चिखल, पुढचा डावा पाय उचललेला. मी 'आला रे माझा' म्हणून धावले. धावायला नको होतं. मी तारेपाशी पोचले आणि तो केळीत घुसला.

दुपारी परत आला. या वेळी हलले नाही. घंटीला पुढे सोडलं. घंटी तारेखालून गेली (मशीन बुधवारपासून बंदच आहे), त्याचं तोंड चाटलं आणि माघारी आली. तो तिच्या मागं मागं आला. तारेपासून चार हातांवर थांबला. थरथरायला लागला. बसला. मग उठून गेला.

भाकरी दुधात कुस्करून बांधावर ठेवली. ती खाल्ली. पण मी बांधाकडे निघाले की तो आत. मी तारेच्या बाजूनंच येते ना. त्याच्या लेखी फटका तारेनं दिला की मी, कोण जाणे.

'रात्री पाटाकडे परत ठसे दिसले,' दिवल्या म्हणाला. ताजे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

तार काढली. निंबाला बांधलेलीही. सगळी गुंडाळून तोतारामभाऊंच्या खळ्यात पोचवली. दिवल्यानं खुंट्या उपटल्या, भोकं बुजवली, वर माती सारखी केली. रुख्माबाई म्हणाली शेण टाक, वास जाईल. शेण टाकलं. कुठं तार होती ते आता मलाही ओळखू येत नाही.

त्याला येतं. दहाला आला. लंगडत, नाक खाली घालून, सरळ त्याच रेषेपर्यंत. एक पाऊल पुढे नाही. रेषेच्या कडेकडेनं पूर्ण फेरा मारला – निंबाच्या मागून, गाडीच्या पुढून – आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन बसला. गाडीकडे बघत. मी पायरीवर, तो तिथं. मध्ये नुसती माती. दोन तास असे बसलो आम्ही.

रुख्माबाई पानांचा भारा घेऊन चालली होती. थांबली. 'तार निंघी गई व अक्का, पन त्याना मनमा शेच.'

मी म्हटलं, मनात किती दिवस राहील?

'माले काय माहीत! आमना बैलले तार लागनी, एक साल त्या बांधवर चढना नही.'

एक वर्ष. मी वर्षभर उंबऱ्याबाहेर पडले नाही तेव्हा माझ्याही दारात तार नव्हती.

उद्या भूपेंद्र येणार. तो एकदा कंडक्टरला धरायला धावला की झालं, कंडक्टर परत केळीतून बाहेर येणार नाही. आणि गाडी गेली की इथं त्याला बघायला काही उरणार नाही. हा एवढा उद्या सकाळपर्यंतचाच वेळ आहे. चुचकारून झालं, भाकरी झाली, घंटी झाली. कुत्र्याला या रेषेच्या आत कसं आणायचं, हेच मी आठ दिवस करतेय – आधी आत ठेवायचं म्हणून, आता आत आणायचं म्हणून.

१८ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

तो येत नाही, तर गाडी न्यायची. एवढं साधं होतं.

यांच्या आजारपणात बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी इंजिन मीच चालू करायची. गिअर कधी टाकला नव्हता. आज घंटीला आत घेतलं आणि टाकला. पहिला. चाळीसेक पावलं गेले असेन, रेषा ओलांडून त्याच्या बांधापर्यंत. शेगडीवरचं पातेलं पडलं. तोतारामभाऊंच्या केळीची दोन झाडं आडवी झाली. ब्रेक दाबला, उतरून दार उघडलं आणि बाजूला झाले. कंडक्टर तीन पायांवर चढला.

भूपेंद्र दहाला येईल. अजून इंजिन चालू आहे. बंद करावंसं वाटत नाही.